अंजिराचें झाड व माळ्याची विनंती

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत प्रभु येशूनें सांगितलेला अंजिराचा दाखला आहे. द्राक्षमळ्यांतील अंजिरास तीन वर्षें फळ दिसेना, तेव्हां धन्यानें तें तोडावयास सांगितलें. माळ्यानें एका वर्षाची मुदत मागितली व भोंवतीं खणून खत घालण्याचें पत्करलें. (धर्मग्रंथांत खताचा मान राखलेला पाहून आम्हां शेतकऱ्यांस संतोष वाटतो.)

या दाखल्यावर केवळ देवाच्या सहनशीलतेचीं प्रवचनें होतात, तीं आम्हांस अपुरीं वाटतात. धन्याचें म्हणणें गैरवाजवी नाहीं. मळ्यांतील जमीन व पाणी फुकट येत नाहीं. पुरंदरच्या कोणाही अंजीर-बागायतदारास विचारावें. ताण देऊन, आळीं खणून, शेणखत घालून बहार धरावा लागतो. नुसती वाट पाहून झाड फळत नाहीं. माळ्यानें दया मागितली ती स्वतःच्या कुदळीच्या भरंवशावर. बिघडलेल्या मुलास किंवा कर्जांत बुडालेल्या भावास "बरें, आणखी एक वेळ पाहूं" म्हणून जे स्वस्थ बसतात, त्यांनीं माळ्याचें बोलणें अर्धेंच ऐकलें, असें आमचें मत आहे. शिवाय मुदत एकाच वर्षाची होती. त्यानंतर तोडण्यास माळ्याचीही हरकत नव्हती. पुढें झाड फळलें कीं नाहीं, हें दाखल्यांत सांगितलेलें नाहीं.