एकच लॉगिन, पण ते आपल्या मुलांपर्यंत पोहोचतंय का?

घरात कुणी पीएच.डी. किंवा एम.एस्सी. करत असेल तर हा प्रसंग ओळखीचा असेल. मुलगी रात्री लॅपटॉप उघडते, हवा तो शोधनिबंध सापडतो, सारांशही दिसतो. पुढचं वाचायचं तर पैसे भरा! एका निबंधाला तीस-चाळीस डॉलर, म्हणजे अडीच ते साडेतीन हजार रुपये. अशा पन्नास निबंधांचा खर्च कोणत्या घराला झेपणार?

याच अडचणीवर केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना आणली. 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये ठेवले. 30 मोठ्या प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके, 6,300 हून जास्त संस्था आणि जवळपास 1 कोटी 80 लाख विद्यार्थी-प्राध्यापक-संशोधक, असा तिचा पसारा आहे. कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे आहे. आधी प्रत्येक विद्यापीठ आपापल्या ऐपतीप्रमाणे नियतकालिके घ्यायचं. आता सगळ्यांसाठी एकच खरेदी. नागपूरचा आणि अलीगढचा संशोधक एकाच विषयावर काम करत असतील, तर दोघांसमोर तेच कागद उघडतील. मिळून काम करायचं तर सुरुवात इथूनच होते.

योजना चांगली आहे, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. पण एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पहिल्या टप्प्यात ही सोय केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील शिक्षणसंस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना आहे. महाराष्ट्रात आपली बरीच मुलं शिकतात ती अंजुमन, ट्रस्ट आणि सोसायट्यांच्या कॉलेजांत. ही कॉलेजं विद्यापीठाशी संलग्न असली तरी व्यवस्थापन खाजगी. म्हणजे ज्यांना गरज जास्त, तेच दाराबाहेर राहण्याची भीती आहे.

ही भीती उगाच नाही. सरकारच्याच उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 2019-20 मध्ये देशात 21 लाखांहून जास्त मुस्लिम विद्यार्थी होते. 2020-21 मध्ये तो आकडा 19 लाख 21 हजारांवर आला. डिसेंबर 2022 मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद करत असल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. फेलोशिप गेली आणि वाचायला कागदही मिळेना, तर तालीम पुढे कशी जायची?

मग करायचं काय? रडत बसून काही होणार नाही. आधी कॉलेजच्या ग्रंथपालांना भेटा. आपल्या कॉलेजला कोणत्या सेवा मिळतात, घरून लॉगिन होतं का, हे विचारा. अनुदानित कॉलेजांसाठी ‘एन-लिस्ट’ ही इन्फ्लिबनेटचीच योजना जुनी आहे, पण कित्येक मुलांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं. पीएच.डी.ची नोंदणी विद्यापीठात असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे लॉगिनसाठी लेखी अर्ज करा. तोंडी विचारलेलं विसरलं जातं, अर्जाची पोच हातात राहते.

काही दारं मात्र सगळ्यांसाठी उघडी आहेत. ‘शोधगंगा’वर देशातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध मोफत वाचता येतात. ‘ऑर्किड’चा 16 अंकी क्रमांक कुणालाही फुकट मिळतो. एकाच नावाचे दहा शेख आणि वीस खान असताना तुमचं काम तुमच्याच नावावर राहतं, हा त्याचा मोठा फायदा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने 2013 मध्ये सुरू केलेल्या ‘झेनोडो’वर आपली माहिती आणि निबंध मोफत ठेवता येतात, आणि दुसऱ्या देशातला संशोधक ते पाहून तुमच्याशी जोडला जाऊ शकतो.

आमच्या संस्थाचालकांनाही एक विनंती. नव्या इमारतीचं उद्घाटन जरूर करा, पण ग्रंथालयात एक जाणकार माणूस आणि चालणारं इंटरनेट आधी द्या. आणि अनुदानित व अल्पसंख्याक कॉलेजांना या योजनेत लवकर घ्यावं, अशी मागणी सगळ्यांनी मिळून सरकारकडे करा. हे 6,000 कोटी आपल्याही करातून आलेत. त्यातला हिस्सा मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे, तो आपला हक्क आहे.