खबर आणि फॉरवर्ड

बंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये शहराचे जे भाग पायी पाहिले, त्यात चामराजपेट मला सर्वांत जास्त आवडलं. जुनी वस्ती, कन्नड साहित्य परिषदेची इमारत, बाहेरगावच्या माणसांनी भरलेल्या गल्ल्या. याच चामराजपेटेत 23 मे 2018 रोजी राजस्थानातून कामासाठी आलेल्या 26 वर्षांच्या तरुणाला जमावाने मुलं पळवणारा समजून बांधून मारलं. पोलीस पोहोचले, पण तो वाचला नाही. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते.

पाच-सहा आठवड्यांनी तेच आपल्या महाराष्ट्रात घडलं. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजारात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या 5 जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसं. पिढ्यानपिढ्या आपल्या दारात आलेली. फोनवर आलेल्या मेसेजपुढे ही जुनी ओळख टिकली नाही.

त्या काळात मोटारसायकलवरून मूल उचलून नेणारी एक क्लिप फार फिरली. ती मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधली. मूल परत आणून ठेवतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात, तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता.

सोशल मीडियाचं व्यसन म्हटलं की आपण वेळ वाया जातो, डोळे बिघडतात, एवढंच बोलतो. माझ्या मते खरं नुकसान वेगळं आहे. खरं काय आणि खोटं काय हे ठरवायचं कामही आपण फोनवर सोपवलंय. मेसेज मावशीकडून, वर्गमित्राकडून, जुन्या सुभेदार साहेबांकडून येतो. विश्वास त्या माणसावर असतो, तो आपोआप बातमीला चिकटतो. त्यांना ती कुठून आली, हे विचारणं उद्धटपणाचं वाटतं.

फौजेत असं चालत नाही. पेट्रोलिंगहून आलेला जवान 'तिकडे हालचाल आहे' एवढं सांगून सुटत नाही. कुठे, किती वाजता, किती माणसं, स्वतः पाहिलं की कोणी सांगितलं? ऐकलेलं असेल तर ऐकलेलं म्हणूनच पुढे जातं. हा प्रश्न विचारला म्हणून कोणाचा अपमान होत नाही, कारण चुकीच्या खबरेची किंमत कोणीतरी जिवाने मोजतो.

कोणी म्हणेल, दोष कंपनीचा. काही अंशी आहेच. जुलै 2018 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी फक्त 5 ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. एप्रिल 2020 मध्ये वारंवार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. पण ऑगस्ट 2012 आठवा. अफवांमुळे ईशान्येकडचे हजारो लोक याच बंगळुरूहून गुवाहाटीच्या गाड्यांत बसले. तेव्हा सरकारने एसएमएसवरही दिवसाला 5 ची मर्यादा घातली होती. यंत्र बदललं, सवय तीच राहिली. मर्यादेने अफवेचा वेग कमी होतो, पण 'खरं आहे का?' हे विचारायचं काम ती करत नाही.

जुलै 2020 मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 अ‍ॅप फोनमधून काढायला सांगितली. कारण सुरक्षेचं होतं. घरी असा हुकूम द्यायला कोणी नाही, आणि तो असावा असंही मला वाटत नाही. तिथे शिस्त आपली आपणच लावायची.

म्हणून हे विशेषतः निवृत्त बांधवांसाठी लिहितोय. आपल्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर रोज काय येतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. भलत्याच देशाच्या सैनिकाचा फोटो आपला शहीद म्हणून, पेन्शनचं न निघालेलं पत्र, सीमेवरच्या जुन्या क्लिप 'आत्ताची बातमी' म्हणून. गावात फौजीच्या शब्दाला वजन असतं. 'आमच्या साहेबांनी पाठवलंय' म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत. त्यामुळे आपल्या बोटाची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त आहे.

पुढच्या वेळी फॉरवर्ड करण्याआधी पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: तुम्ही स्वतः पाहिलंत का? कुठे? कधी? उत्तर आलं नाही, तर मेसेज आपल्यापाशीच थांबू द्या. तो कुणाच्या तरी गावात, बाजाराच्या दिवशी, पोहोचणार नाही.

जय हिंद.