दिव्यांच्या गावातील तारे

गेल्या मार्गशीर्षात आमचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत तो नोकरीस असून, कारखान्यातील पाळ्या सांभाळून रात्री आकाशाची छायाचित्रे घेण्याचा त्यास छंद आहे. त्याने आमच्यापुढे एक चित्र ठेविले. मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे ते चित्र होते. मध्यभागी शुभ्र, कडेस तांबूस, आणि त्यांमधून गेलेले काळसर पदर. हे कोठून घेतलेस, असे विचारता तो म्हणाला, "आमच्या इमारतीच्या गच्चीवरून, सर." आम्हांस ते प्रथम खरे वाटेना. बोईसरच्या गच्चीवरून रात्री किती तारे दिसतात हे आम्ही स्वतः पाहिले आहे. मोजू लागल्यास फार वेळ लागत नाही.

ही किमया कशी साधते, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे. तेजोमेघ म्हणजे जवळच्या उष्ण ताऱ्यांच्या किरणांनी चेतविलेले विरळ वायूंचे प्रचंड ढग. सूर्याच्या प्रकाशात सर्व रंगांची सरमिसळ असते. परंतु ह्या ढगांतील वायू आपापल्या ठराविक तरंगलांबीचाच प्रकाश प्रामुख्याने देतात. हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, ऑक्सिजनची हिरवट रेषा ५००.७ नॅनोमीटरवर, गंधकाच्या गडद तांबड्या रेषा ६७२ च्या आसपास. कॅमेऱ्यापुढे अशी काच बसवितात की, ती ह्यांपैकी एका रेषेभोवतीचा ३ ते ७ नॅनोमीटर रुंदीचा पट्टा तेवढा आत सोडते व बाकीचा प्रकाश अडविते. हिला फिल्टर म्हणतात. आपण गाळणी म्हणू. दृश्य प्रकाशाचा एकंदर पट्टा सुमारे ३०० नॅनोमीटर रुंद आहे. तेव्हा ६ नॅनोमीटरच्या गाळणीतून सर्व रंगांत सारखा पसरलेला प्रकाश फक्त पन्नासावा हिस्सा आत येईल. तेजोमेघाची रेषा मात्र जवळजवळ सबंध येईल. गावाच्या दिव्यांचा झगमगाट बाहेर राहिला आणि मृगातील वायूचा मंद उजेड आत आला, तो असा.

ह्या गोष्टीशी आपल्या महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून व सरकारी साहाय्याने महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे चालक. त्या काळी मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटातील हिरवी रेषा हे एक मोठे कोडे होते. इंग्लंडमधील लॉकियर ह्यांचे मत असे की, ती उल्कापाषाणांच्या टकरीतून निघालेल्या मॅग्नेशियमच्या प्रकाशाची कड असावी. तसे असते तर ती एका बाजूस पुसट दिसावयास हवी होती. नायगमवाला ह्यांनी पुण्याहून ती रेषा निरखून १८९१ साली प्रसिद्ध केले की, कोणत्याही परिस्थितीत ती स्पष्ट व रेखीवच दिसते. पुढे १९२७ साली अमेरिकेतील बोवेन ह्यांनी दाखविले की, ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या डबीत ज्या गाळण्या आहेत, त्यांतील एक नेमकी हीच रेषा आत सोडते! पुण्याची ती वेधशाळा १९१२ साली बंद होऊन तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली; परंतु तेथे जे पाहिले गेले ते व्यर्थ गेले नाही.

गाळणीने काम सोपे होते असे मात्र कोणी समजू नये. एवढ्या अरुंद फटीतून येणारा प्रकाश अत्यल्प. म्हणून पाच-पाच मिनिटांची शेकडो चित्रे घेऊन ती एकावर एक बसवावी लागतात. येथे गणिताचा एक कठोर नियम आडवा येतो: चित्राची स्वच्छता दुप्पट व्हावयास वेळ चौपट द्यावा लागतो. पाच तासांच्या चित्राहून दुप्पट चांगले चित्र हवे तर वीस तास, त्याहून दुप्पट चांगले हवे तर ऐंशी. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेले; उरलेल्या दिवसांत समुद्राची खारट दमट हवा भिंगांस बुरशी आणण्यास टपलेली; त्यात रात्रपाळी. एकट्या माणसाने ऐंशी तास जमवावे तरी कसे? म्हणून जगभरचे हौशी निरीक्षक आपापले तास एकत्र करितात. कोणी चार रात्री देतो, कोणी दहा. चित्र सर्वांचे होते.

अशा सहकार्यातून काय निष्पन्न होते, त्याचे एक उदाहरण देतो. देवयानी नक्षत्रातील दीर्घिकेची छायाचित्रे शंभराहून अधिक वर्षे घेतली जात आहेत. तिच्यालगत काही नवे उरले असेल असे कोणास वाटले नसते. परंतु मार्सेल ड्रेक्स्लर, झाव्हिए स्ट्रॉटनेर व यान सँती ह्या जर्मनी-फ्रान्समधील हौशी मंडळींनी त्याच ऑक्सिजनच्या रेषेत तिची कित्येक तासांची छायाचित्रे जमविली, तेव्हा तिच्या शेजारी एक लांबलचक निळसर चाप उमटला. दुर्बिणीचे भिंग जेमतेम साडेदहा सेंटीमीटरचे होते. दुसऱ्या ठिकाणच्या निरीक्षकांनीही आपापल्या साधनांनी तो टिपला, व्यावसायिक ज्योतिषशास्त्रज्ञ सोबतीस आले, आणि जानेवारी २०२३ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. आपल्याकडेही पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांस एकत्र आणीत आली आहे. तेव्हा ह्या छंदास 'पैसेवाल्यांचा खेळ' म्हणून हिणविणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

इतके सांगितल्यावर आता आमचे खरे म्हणणे सांगतो.

ते बोईसरचे चित्र आम्ही नववीच्या वर्गात लाविले. मुले कौतुकाने पाहू लागली. मोखाड्याकडचा एक विद्यार्थी मात्र मागे उभा राहून शांतपणे म्हणाला, "सर, हे आमच्या अंगणातून दिसते. एवढे लाल नाही दिसत, पण दिसते." वर्ग हसला. आम्हीही, सांगावयास लाज वाटते, किंचित हसलो. परंतु त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांच्या बाणाखाली दक्षिणेस लहान ताऱ्यांची जी ओळ लोंबते, तिच्यातील मधला ठिपका अंधाऱ्या ठिकाणाहून नुसत्या डोळ्यांस धुरकट दिसतो. तोच हा तेजोमेघ. त्याचा प्रकाश सुमारे १,३०० वर्षांपूर्वी, दक्षिणेत बदामीच्या चालुक्यांचे राज्य असता निघाला आणि आज त्या मुलाच्या अंगणात फुकट उतरतो आहे. ज्या गावास आपण दिवे नाहीत म्हणून मागासलेले म्हणतो, तेथील मुलाने ते पाहिले आहे. आणि दिव्यांच्या गावातील मुलास त्यासाठी दुर्बीण, कॅमेरा, गाळणी आणि कित्येक रात्री खर्चाव्या लागतात.

म्हणून आमचे मत असे की, गाळणी ही यंत्राची सोय आहे. डोळ्यांचे औषध नव्हे. तिच्यामुळे कॅमेऱ्यास मृग परत मिळाला, बोईसरच्या पोरांस मिळाला नाही. शिवाय यंत्राची सोयही अपुरीच. तारे व दीर्घिका ह्यांचा प्रकाश सूर्याप्रमाणे सर्व रंगांचा असतो. त्यास गाळणी लावली तर दिव्यांबरोबर तोही अडतो. पूर्वीच्या सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा उजेड बहुतांशी ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असे, तो सहज गाळता येई. आताचे पांढरे एल. ई. डी. दिवे सर्व रंगांत पसरतात. त्यांचा सुमारे पन्नासावा हिस्सा ६ नॅनोमीटरच्या गाळणीतूनही आत शिरतोच. दिवे पन्नास पट वाढले की आपण होतो तेथेच!

ह्यावर सुज्ञ पालक विचारतील, "मग काय दिवे विझवावे? रात्रपाळीहून सुटलेल्या बायकामुलींनी काळोखात घरी यावे? पावसाळ्यात विंचूसापांवर पाय द्यावा?" आक्षेप रास्त आहे. तारापूरच्या अणुकेंद्राने १९६९ साली वीज देण्यास आरंभ केला, तेव्हापासून ह्या भागाचे जीवन किती सुकर झाले हे आम्ही जाणतो. दिवा विझवा असे आम्ही म्हणतच नाही. दिव्याच्या डोक्यावर टोपी घाला, त्याचे तोंड रस्त्याकडे करा, आणि जेथे कोणी नाही तेथे तो रात्रभर जाळू नका, एवढेच आमचे म्हणणे. आकाशाकडे गेलेल्या उजेडाने कोणत्या मुलीची वाट उजळते? आपल्याच राज्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पात आसपासच्या गावांतील दिव्यांची तोंडे जमिनीकडे करण्यात आली, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यास भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तेथील माणसे काही काळोखात चाचपडत नाहीत.

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आपले अंगण पाहावे. आमच्याच शाळेच्या पटांगणावर एक प्रखर दिवा कित्येक वर्षे रात्रभर निर्मनुष्य मैदानावर व त्याहून अधिक आकाशावर जळत होता. आम्ही त्याच इमारतीत वर्षानुवर्षे प्रकाशाचे परावर्तन शिकविले, आणि तो दिवा आम्हांस कधी दिसला नाही! आता त्यास पत्र्याचे छत्र करावे व रात्री दहानंतर तो मालवावा, अशी विनंती आम्ही व्यवस्थापकांस केली आहे.

विद्यार्थ्यांसाठी आमची सूचना अशी. दुर्बीण घेण्याइतके पैसे शाळेपाशी येतील तेव्हा येतील. सहकार्याचे काम त्यासाठी खोळंबण्याचे कारण नाही. 'ग्लोब ॲट नाइट' ह्या नावाचा उपक्रम २००६ पासून जगभर चालू आहे. चांदणे नसलेल्या रात्री मृगासारखे एखादे नक्षत्र नुसत्या डोळ्यांनी पाहावयाचे, दिसलेले तारे दिलेल्या नकाशांशी ताडावयाचे व आपली नोंद पाठवावयाची. आमची मुले पालघर, बोईसर, चिंचणी, केळवे, सातपाटी, जव्हार, मोखाडा अशा निरनिराळ्या गावांतून येतात. कोणत्याही वेधशाळेस हेवा वाटावा अशी ही मांडणी आहे! नाताळच्या सुट्टीत घरी गेलेल्या प्रत्येकाने एका रात्री अर्धा तास अंगणात उभे राहावे. सर्व नोंदी एका तक्त्यावर मांडल्या म्हणजे उजेड कोठवर पोचला, हे आपल्याच हातांनी सिद्ध होईल. ह्या तक्त्यात सर्वांत मोठा आकडा मोखाड्याच्या त्या मुलाचा असेल, आणि त्या दिवशी वर्ग हसणार नाही.

आमच्या बोईसरच्या विद्यार्थ्यास हे सर्व सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मोखाड्यास एकदा दुर्बीण घेऊन जातो. त्याच्या अंगणात लावू." पालकांस आमची एवढीच विनंती की, त्या रात्री आपल्या मुलांस जाऊ द्यावे, आणि ती गेल्यावर आपल्या दारावरच्या दिव्याचे तोंड कोणीकडे आहे, ते एकदा बाहेर येऊन पाहावे.