परदेशगमन व तीन परवानग्या

विद्यालय सोडल्यावर परदेशीं जावें, ही इच्छा आमच्यापैकीं पुष्कळांच्या मनांत वसते. ती स्तुत्यच आहे. परंतु प्रवेशाचा व्हिसा, कामाचा परवाना आणि कायम वास्तव्याचा हक्क ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी होत, हें ध्यानीं असावें.

अमेरिकेचेंच उदाहरण घ्या. तेथील एच-१बी परवाना प्रथम ३ वर्षांचा व सामान्यतः ६ वर्षांपर्यंत वाढणारा असतो. शिवाय तो ज्या मालकानें मागितला त्याच्या नोकरीशीं निगडित असतो. कायम वास्तव्य मिळतें तें ग्रीन कार्डानें. पण नोकरीच्या आधारें मिळणाऱ्या कार्डांपैकीं एका देशांत जन्मलेल्यांस दरवर्षीं साधारणपणें ७ टक्क्यांहून अधिक देत नाहींत. म्हणून लहान देशाचा मनुष्य लवकर सुटतो आणि भारतांत जन्मलेला वर्षानुवर्षें तिष्ठतो. गुण पाहून बोलवावें आणि जन्मभूमि पाहून थांबवावें, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

तथापि कायदा आहे तोंवर त्याचें ज्ञान हेंच आमचें संरक्षण. दलाल पहिल्या परवानगीचें गोड वर्णन करितो. तिसरीविषयीं मौन धरितो. वडिलांचें शेत गहाण पडण्यापूर्वींच तिसरीची चौकशी करणें, हें आम्ही आपलें कर्तव्य मानतों.