अंगणात चार हात माती राहू द्या

थंडीत मटार ढिगाने येतो, स्वस्तही होतो. मग घरी कशाला लावायचा, असं बरेच जण म्हणतात. गंमत अशी, की अंगणभर फरशी घालायला निघालेली मंडळीही हीच! ‘चिखल नको, गाडी लावायला बरं’ असं म्हणत आपल्या गावांतली अंगणं भराभर सिमेंटखाली चाललीत. घरातल्या बाईला तेव्हा विचारतं कोण? कढीपत्ता, गवती चहा तिने जगवायचा, जागेचा निर्णय मात्र दुसऱ्यांनी घ्यायचा.

म्हणून मैत्रिणींनो, यंदा भिंतीकडेची, ऊन येणारी चार हात जागा मागून घ्याच आणि तिथे मटार पेरा. मटारच का? तर दोन-अडीच महिन्यांत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे शेंगा लटकतात आणि जागा वाया गेली असं कोणी म्हणू शकत नाही.

पाऊस ओसरला, की ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाभर पेरता येतो. फार उशीर केला तर फुलं उन्हात सापडतात, शेंगा धरत नाहीत. कृषी सेवा केंद्रात ‘अर्केल’ मागा. बुटकं, लवकर येणारं वाण आहे. बियाण्याला बहुधा औषध चोळलेलं असतं, तेव्हा उरलेलं उसळीत नको आणि पोरांच्या हाती तर नकोच. दाणे इंचभर खोल, अर्ध्या वितीवर टोचा. कुजलेलं शेणखत पुरे. युरिया टाकलात तर नुसता पाला माजेल. पाखरं कोंब खुडतात, त्यावर जुनी ओढणी ताणून बांधली की झालं. आधाराला तुराट्या खोचा. पाणी साचू देऊ नका, पण फुलं आल्यावर ओल मोडू देऊ नका.

हिशेब मांडाल तर एवढ्या जागेत एखाद-दोन वेळची उसळ निघेल, जास्त नाही. पण शेंग तोडली, की दाण्यातल्या साखरेचं पिठूळ स्टार्च व्हायला लागतं. बाजारातली शेंग आपल्यापर्यंत येते तेव्हा निम्मी गोडी गेलेली असते. घरची शेंग पोरं उभ्या उभ्या फस्त करतात, उसळीपर्यंत पोचलीच तर नशीब!

‘गच्चीवर कुंड्या ठेव की,’ असाही सल्ला मिळतो. कुंडीत मटार येतो, खोटं कशाला बोलू? पण कुंडी लवकर सुकते आणि बादल्या वर कोण नेणार, ते सल्ला देणारे सांगत नाहीत. शिवाय अंगणातल्या मातीत पावसाचं पाणी मुरतं, ते फरशीवरून गटारात जातं.

शेंगा संपल्या की रोप उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र धरून ठेवणारे जिवाणू असतात, त्या मातीतच कुजू देत. फेब्रुवारीत तिथेच गवार टोचता येते. तोवर फरशीवाला आलाच, तर एवढी जागा सोडून माप घ्यायला सांगा.