माझं मत पाचव्या पिढीला

पोकेमॉनच्या गेम्समधला सर्वांत चांगला काळ कोणता, हा वाद रंगात आला की कुणीतरी समंजस माणूस मध्ये पडतो आणि सांगतो, ‘ज्याच्या त्याच्या दहाव्या वर्षी जो गेम आला, तोच त्याचा चांगला.’ सगळे हसतात, माना डोलावतात, वाद मिटतो. मला हे उत्तर पळपुटं वाटतं. हा न्याय लावायचा तर सिनेमा, नाटक, क्रिकेट कशाबद्दलच काही बोलायला नको. एखादी गोष्ट बरी का झाली, दुसरी का बिघडली, हे सांगता येतं. सांगायलाही हवं. निदान मी तरी सांगणार आहे.

ज्यांच्या घरात हे वारं शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेंडोच्या गेम बॉय या छोट्या यंत्रासाठी ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ असे दोन जोडगेम आले. गावोगाव फिरायचं, रानातले अजब प्राणी चेंडूत पकडायचे, वाढवायचे, झुंजीत उतरवायचे, एकेका जिममध्ये जिंकून आठ बिल्ले मिळवायचे आणि शेवटी लीग जिंकून चॅम्पियन व्हायचं. दर तीन-चार वर्षांनी नवा प्रदेश आणि नवे प्राणी येतात, ती एक पिढी. आतापर्यंत अशा नऊ पिढ्या झाल्या आणि प्राण्यांची संख्या हजारावर गेली. चाहत्यांची घराणीही पिढीवरूनच ओळखली जातात. कुणी ‘जेन वन’वाला, कुणी ‘जेन थ्री’वाला. मी ‘जेन फाइव्ह’वाली.

दहाव्या वर्षाचा तो नियम मला लागू पडत नाही, कारण आम्ही हे गेम क्रमाने खेळलोच नाही. मी मिरजेत वाढले. २००३ च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर हिंदीतलं पोकेमॉन लागायला लागलं. चिप्सच्या पाकिटातले टॅझो वर्गात बाकाखालून फिरायचे. पण हे सगळं एका व्हिडिओ गेमवरून निघालंय, याचा आम्हाला पत्ताच नव्हता. गेम बॉय मिरजेतल्या कुठल्या दुकानात पाहिल्याचं मला आठवत नाही. पुढे सांगलीच्या आतेभावाने कॉम्प्युटरवर एम्युलेटर, म्हणजे असे गेम चालवणारा प्रोग्रॅम, टाकला आणि आधी हाताला लागला तो तिसऱ्या पिढीतला ‘एमराल्ड’. त्यानंतर ‘फायररेड’, मग मागे जाऊन ‘रेड’, मग बऱ्याच काळाने ‘गोल्ड’. जपानी किंवा अमेरिकन मुलाला वाढदिवसाला नवाकोरा गेम मिळायचा, तसं आमचं काही झालं नाही. सगळ्या पिढ्या आमच्यापुढे एकदमच मांडल्या गेल्या. वाईट काय, तुलना करायला बरंच झालं.

आतेभाऊ आता चाळिशीला टेकलाय आणि कट्टर ‘जेन वन’वाला आहे. म्हणतो, ‘अगं, दीडशे होते तेव्हा एकेकाचं नाव पाठ होतं. आता हजारातले निम्मे तरी ओळखता का तुम्ही?’ त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. या मालिकेचे जनक सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या माचिदात वाढले. लहानपणी किडे गोळा करायचा त्यांना नाद होता. शहर पसरत गेलं, डबकी आणि झाडी गेली, किडेही गेले. गेम बॉयची दोन यंत्रं केबलने जोडता येतात हे पाहिल्यावर त्या तारेतून किडे इकडून तिकडे जातायत असं त्यांच्या मनात आलं. तिथून हा गेम. तो पुरा व्हायला सुमारे सहा वर्षं लागली आणि तोवर गेम फ्रीक ही त्यांची छोटी कंपनी बुडायच्या बेताला आली होती. चाचणीसाठीचा कोड काढून टाकल्यावर कार्ट्रिजमध्ये जी चिमूटभर जागा उरली, तिथे शिगेकी मोरिमोतो यांनी गुपचूप म्यू नावाचा १५१वा प्राणी बसवून दिला. त्याच्या अफवांवर मुलांनी वर्षं काढली. एवढं भाग्य पुढच्या कुठल्या पिढीच्या वाट्याला आलं नाही, हे मान्य.

पण कल्पना थोर होती म्हणून गेमही थोर ठरत नाही. ‘रेड’ आज खेळायला बसा. सायकिक जातीचे प्राणी इतके वरचढ की त्यांच्यापुढे बाकीचे पालापाचोळा. त्यांच्यावर भुतांचा मारा लागू पडायला हवा होता, कोडमधल्या चुकीमुळे त्याचा काहीच परिणाम होत नाही. ‘फोकस एनर्जी’ ही चाल वर्मी घाव बसण्याची शक्यता वाढवण्यासाठी आहे, प्रत्यक्षात ती कमी करते! आतेभावाला हे सांगितलं तर म्हणतो, ‘त्यातच मजा होती.’ आता यावर काय बोलणार.

दुसऱ्या पिढीचा, म्हणजे १९९९ च्या ‘गोल्ड-सिल्व्हर’चा, मान मोठा. कार्ट्रिजमध्ये घड्याळ आलं. रात्री वेगळे प्राणी दिसू लागले. एका गुहेत लाप्रस फक्त शुक्रवारीच भेटायचा. लीग जिंकून झाल्यावर पहिल्या गेमचा कांटो प्रदेश पुन्हा उघडायचा आणि बिल्ले सोळा व्हायचे. गेम संपला म्हणावं तोच दुप्पट होतो, हा आनंद मी कॉलेजच्या परीक्षेच्या आदल्या रात्री घेतलेला आहे. तरीही एक गोष्ट मला आजवर कळलेली नाही. डार्क ही जात या गेमने नव्याने आणली आणि त्या जातीचे हाऊंडूर आणि मर्क्रो रानात सापडतात ते जुन्या कांटोमध्ये, खेळ जवळपास आटोपल्यावर. नवी सून आणायची आणि तिला माळ्यावर बसवायचं, त्यातला प्रकार.

तिसऱ्या आणि चौथ्या पिढीबद्दल फार रेंगाळत नाही. ‘रुबी-सफायर’ने जुन्या गेममधले प्राणी नव्यात आणायची वाट बंद केली. समुद्र इतका की पोहून पोहून जीव मेटाकुटीला येतो. पण ‘एमराल्ड’ माझा पहिला, त्यामुळे त्याच्यावर माझा लोभ आहे. पाहा, पहिलेपणाचा लोभ मलाही आहे, तरी माझं मत त्याला नाही. ‘डायमंड-पर्ल’ची गंमत वेगळीच. तिथे आगीच्या प्राण्यांचा उस्ताद म्हणून जो फ्लिंट समोर येतो, त्याच्या पाच प्राण्यांत आगीचे दोनच. बाकी एक पोलादी साप, एक फुगा आणि एक ससा. प्रदेशात आगीचे प्राणीच इतके कमी ठेवले होते की उस्तादालाही पुरले नाहीत.

आता मुद्द्याचं. सप्टेंबर २०१० मध्ये जपानमध्ये ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ आले. प्रदेश युनोव्हा, न्यूयॉर्कवर बेतलेला. एका फटक्यात १५६ नवे प्राणी, कुठल्याही पिढीतला सर्वांत मोठा आकडा. आणि कथा संपेपर्यंत रानात जुना एकही भेटत नाही. पिकाचूसुद्धा नाही! ज्या तोंडावर धंदा उभा आहे तेच बाजूला ठेवायला छाती लागते. वीस वेळा खेळलेल्या माणसालाही गवतात काय निघेल, ते कशाने हरेल, हे पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं.

कथेतली हिंमत त्याहून मोठी. टीम प्लाझ्मा नावाचा गट चौकात सभा घेऊन विचारतो की प्राण्यांना चेंडूत कोंडून झुंजायला लावणं बरोबर आहे का. म्हणजे गेमच्या पायालाच सुरुंग. त्यांचा राजा एन हा तरुण प्राण्यांची भाषा जाणतो, दर वेळी आसपासचेच प्राणी सोबत घेऊन लढतो आणि नंतर सोडून देतो. शेवटी तुम्ही लीगमध्ये पोहोचता तेव्हा चॅम्पियन आधीच त्याच्याकडून हरलेला असतो. चौदा वर्षं चालत आलेला शेवट गेमने तिथे मोडला. तुमची लढत एनशी आणि मग त्याला लहानपणापासून वापरून घेणाऱ्या गेचिसशी. (या गेचिसचा हायड्रायगन ५४व्या लेव्हलचा आहे. नियमाने तो प्राणी ६४व्या लेव्हलला तयार होतो. खलनायकाने लबाडी करावी तर अशी.) एनच्या किल्ल्यात त्याची लहानपणीची खोली आहे. खेळण्यातली आगगाडी, पसरलेली खेळणी आणि अंगावर काटा आणणारं संगीत. मुलांच्या गेममध्ये इतकी अस्वस्थ करणारी खोली मी दुसरी पाहिलेली नाही.

दोष आहेतच. प्रश्न विचारला आणि उत्तर देताना मात्र गेमने अंग चोरलं. गेचिस लबाड निघाला की प्रश्नच खोटा ठरल्यासारखं होतं आणि तुम्ही निर्धास्तपणे पुढचा प्राणी पकडायला मोकळे. रस्ताही सरळसोट, वाट चुकायची सोय नाही. पण ज्याने प्रश्नच विचारला नाही त्याच्यापेक्षा अर्धं उत्तर देणारा बरा.

आणि बियांका. तुमच्याबरोबर प्रवासाला निघालेली मैत्रीण, धांदरट, झुंजीत बेताची. अर्ध्या वाटेत तिचे वडील येतात आणि म्हणतात, पुरे झालं, घरी चल. ती नाही म्हणते. मी हे खेळले तेव्हा मिरजेहून पुण्याला शिकायला येऊन मला थोडेच दिवस झाले होते आणि घरून दर रविवारी साधारण याच मजकुराचा फोन यायचा. बियांका पुढे चॅम्पियन होत नाही. आपण त्यातल्या नाही हे तिला कळतं आणि २०१२ च्या ‘ब्लॅक २-व्हाइट २’मध्ये ती प्रोफेसर जुनिपरची सहायक झालेली दिसते. मुख्य प्रोफेसरच्या जागी बाई आली तीही याच पिढीत पहिल्यांदा. दहाव्या वर्षी हे माझ्या डोक्यावरून गेलं असतं.

आमच्या पिढीचं आणखी एक नातं या गेमशी आहे. नक्कल केलेल्या प्रतीवर ‘ब्लॅक’ चालवला तर झुंज जिंकूनही प्राण्याला अनुभवाचे गुण मिळत नाहीत. लढा, जिंका, आहात तिथेच राहा. हॉस्टेलमध्ये हे कोडं सोडवायला जेवढी डोकी एकत्र आली, तेवढी गणिताच्या सबमिशनलाही आली नव्हती. मी शेवटी अस्सल कार्ट्रिज आणि ते चालवायला निन्टेंडोचं जुनं डीएस यंत्र विकत घेतलं. पहिल्या पगारातून, आईला न सांगता.

‘ब्लॅक-व्हाइट’ दीड कोटीवर विकले गेले, म्हणजे आपटले मुळीच नाहीत. पण तेव्हा चाहत्यांनी काय केलं? कचऱ्याच्या पिशवीचा प्राणी, आइस्क्रीमचा प्राणी म्हणून टर उडवली. पहिल्या पिढीत चेंडूचा प्राणी आणि चिखलाचा गोळा होता, ते कुणाला आठवलं नाही. पिकाचू कुठाय म्हणून ओरड झाली. कंपनीने त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. पुढच्याच ‘एक्स-वाय’मध्ये पहिल्या पिढीतल्या तीन सुरुवातीच्या प्राण्यांपैकी एक हातात आणून दिला. तेव्हापासून आठवणींचा धंदा तेजीत आहे.

माझा अकरा वर्षांचा भाचा ‘स्कार्लेट’वाला. ‘मावशी, तुझ्या गेममध्ये डोंगरावर चढता येतं का? कुठल्या जिमला आधी जायचं ते ठरवता येतं का?’ नाही येत, बाबा. त्याच्या गेममधलं शेवटचं विवर आणि आजारी कुत्र्यासाठी झुरणारा आर्व्हन, दोन्ही मला मनापासून आवडले. पण तोच गेम नोव्हेंबर २०२२ मध्ये आला तेव्हा माणसं जमिनीत रुतत होती, चित्र अडखळत होतं, निन्टेंडोला माफी मागावी लागली. आणि पहिल्या तीन दिवसांत विक्री एक कोटीवर. त्याआधी २०१९ च्या ‘सोर्ड-शील्ड’मध्ये जुने सगळे प्राणी आणता येणार नाहीत हे कळल्यावर चाहत्यांनी रान उठवलं होतं, तेही दोन कोटींवर गेलं. कच्चा माल खपतोय म्हटल्यावर कोण थांबून पक्का करणार? नवी पिढी आली की कार्टून, पत्ते, खेळणी सगळं एका तारखेला बांधलेलं. गेमला उशीर करायची मुभाच नाही. ताजिरींना सहा वर्षं मिळाली होती.

म्हणून माझा कौल २०१० ते २०१२ या दोन-अडीच वर्षांना. कारागिरी मुरलेली, पडदा अजून सपाट पण झुंजीतला प्राणी सतत हलता, जुनं सोडून द्यायची तयारी आणि मुलांना विचारात पाडायची इच्छा, हे सगळं एकत्र आलं ते तेव्हाच.

अडचण एवढीच की हे गेम निन्टेंडोने आजवर नव्या यंत्रांवर आणलेले नाहीत. जुनी कार्ट्रिज मिळतात ती चढ्या भावाने आणि त्यांतली बरीच बनावट. तेव्हा पुढच्या वेळी कंपनी जुन्या गेमबद्दल काय हवं ते विचारेल, तेव्हा पुन्हा पिकाचू मागू नका. ‘ब्लॅक-व्हाइट’ मागा.