गाडी कुणाची, विमा कुणाचा?

आमच्या घरी तीन दुचाक्या आहेत. एवढं वाचून आम्ही फार मोठी माणसं आहोत असं समजू नका. कापड्यात राहायचं आणि घरात गाडी नाही, म्हणजे हातपाय बांधल्यासारखंच. बँक, बाजार, दवाखाना, सगळं पोलादपूरला. मुलाची नोकरी महाडच्या एमआयडीसीत, तीही शिफ्टची. एसटी तिच्या वेळेला येते आणि आपली कामं आपल्या वेळेला निघतात. म्हणून यांची बारा वर्षांची जुनी मोटारसायकल, मुलाची दोन वर्षांपूर्वी कर्जावर घेतलेली नवी गाडी आणि माझी सात वर्षांची स्कूटी, अशा तिघी पडवीत एका रांगेत उभ्या असतात.

माझी स्कूटी असं मी म्हणते खरं, पण ती माझी नाही, हे मला यंदा कळलं. ते कसं, हेच आज सांगायचंय.

आमच्या तिन्ही गाड्यांच्या विम्याची तारीख दसऱ्याच्या आगेमागे येते, कारण गाड्या घेतल्याच त्या मुहूर्तावर. सणाचा खर्च आणि त्यात हा खर्च! यंदा म्हटलं, आपणच जाऊन बोलूया. तीन साड्या घेतल्या की दुकानदार निदान ब्लाऊजपीस तरी देतो, मग तीन गाड्यांच्या विम्यात काही सूट नको का? पोलादपूरच्या एजंटभाऊंना मी तसं विचारलंही. ते हसले. म्हणाले, ‘वहिनी, थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. तो कुठल्याही कंपनीत गेलात तरी तोच.’

खरंच आहे ते. आपल्या गाडीनं दुसऱ्याला इजा झाली, तर त्याला भरपाई मिळावी म्हणून हा थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये आणि वर जीएसटी. आपल्या बहुतेक मोटारसायकली आणि स्कूट्या याच गटात येतात. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली आणि पकडली गेली, तर पहिल्यांदा २ हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून ‘ही गाडी काय, पडवीतच असते, तिचा विमा राहू दे’ ही काटकसर करू नका. आजारी माणसाला न्यायला नेमकी तीच गाडी काढावी लागते. धक्का कुणाला लागला, तर भरपाई घरातून द्यावी लागते. घरातून म्हणजे शेवटी शेत नाहीतर दागिने.

मग बचत करायची कुठे? एजंटभाऊ म्हणाले, ‘तिन्ही गाड्या दादांच्या नावावर आहेत ना, मग मालकाचा अपघात विमा एकदाच घ्यावा लागेल. दोन गाड्यांचे पैसे वाचले.’ मी खूश. बचत गटाचा हिशेब ठेवणारी बाई मी, वाचलेल्या काहीशे रुपयांचंही मला कौतुक. शिवाय त्यांनी आणखी एक सांगितलं. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकानं एकाच मालकाच्या अनेक गाड्यांसाठी स्वतःच्या नुकसानीचा एकत्र विमा काढायची परवानगी कंपन्यांना दिली आहे. म्हणजे सगळ्या गाड्या एकाच नावावर असल्या की सोयीचं आणि स्वस्त.

घरी येताना मला मावसबहिणीची आठवण झाली आणि खुशी तिथेच विरली.

ती शिवणकाम करते. ब्लाऊजांचं माप द्यायला-घ्यायला स्कूटीवरून गावोगाव फिरायची. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात वळणावरच्या खडीवरून तिची गाडी घसरली. समोर कुणी नाही, धडक नाही, एकटीच पडली. तोंडावर आपटली आणि उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. शिवणाऱ्या बाईचा डोळा गेला म्हणजे काय गेलं, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. गाडीचा विमा चालू होता, मालकाच्या अपघात विम्याचे पैसेही भरलेले होते. पण पैसा मिळाला नाही. कारण स्कूटी नवऱ्याच्या नावावर होती.

कंपनीनं फसवलं असं मी म्हणणार नाही. कागदावर तेच लिहिलेलं होतं, आमच्यापैकी कुणी वाचलं नव्हतं. हा १५ लाखांचा अपघात विमा फक्त मालक-चालकाचा असतो. म्हणजे आरसी बुकात ज्याचं नाव, पॉलिसीवर ज्याचं नाव, आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे, त्याचा. मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच तो मिळतो, साध्या फ्रॅक्चरला नाही. एक डोळा गेला तर निम्मी रक्कम. गाडी तिच्या नावावर असती आणि लायसन्स असतं, तर तिला साडेसात लाख मिळाले असते. त्या पैशानं डोळा परत आला नसता. पण दोन्ही मुलींच्या शिक्षणासाठी तिला भावापुढे पदर पसरावा लागला नसता.

आता आपापल्या घरात बघा. स्कूटी चालवतं कोण? आपण. भाजी, शाळा, अंगणवाडी, गटाची बैठक, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं त्याच गाडीवर. आणि नाव कुणाचं? बहुतेक ठिकाणी यांचंच. का, तर घेताना शोरूममध्ये यांनी सह्या केल्या, आपण पेढे वाटत होतो. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा माणूस मालकाच्या जागी उभा असतो, त्याला त्याच गाडीच्या विम्यापुढे तिऱ्हाईत म्हणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये एका निकालात म्हटलं आहे. नवऱ्याच्या गाडीवरून एकटी घसरून पडलेली बायको म्हणूनच अधांतरी राहते. मालकही नाही आणि तिऱ्हाईतही नाही.

चालवत नाही म्हणून कुणी निश्चिंत होऊ नका. आपल्यातल्या निम्म्याजणी मागच्या सीटवर असतात, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोर. सक्तीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये दिला होता. मात्र सर्वंकष म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल, तर मागे बसलेला माणूस त्यात धरला जातो, हे विमा नियामकानं २००९ मध्ये कंपन्यांना स्पष्ट कळवलं. आमची जुनी मोटारसायकल ‘भंगारात जायची गाडी’ म्हणून आम्ही नुसत्या थर्ड पार्टीवर ठेवली होती. आणि सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर तीच गाडी, कारण तिची सीट लांब! गाडीची किंमत आम्ही बघितली, तिच्यावर बसतं कोण ते नाही बघितलं.

नव्या गाडीचा घोळ आणखी वेगळा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे ‘पाच वर्षं बघायला नको’ असं आमचा मुलगाही धरून बसला होता. पण त्याच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा वर्षाचाच होता, तो केव्हाच संपलेला. २०२१ च्या जुलैत महाडात पाणी शिरलं तेव्हाचं आठवा. सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत, घराघरांत चढलं, किती गाड्या चिखलातून ओढून काढल्या. नुसती थर्ड पार्टी असलेल्यांना त्या नुकसानीचा रुपयाही मिळत नाही. पूर, दरड, चोरी, आग यांसाठी नुकसानीचा विमाच लागतो. आपल्या तालुक्यात दर पावसाळ्यात कुठे ना कुठे दरड येते. (आणि हो, पाण्यातून निघालेल्या गाडीला लगेच किक मारू नका. त्यानं इंजिन बिघडलं, तर ती तुमची चूक धरून पैसे नाकारतात.)

मग माझं म्हणणं काय? स्वस्त विमा शोधा, जरूर शोधा. पण सगळ्या गाड्या एका नावावर ठेवून जी बचत होते, तिची किंमत घरातल्या बायका-मुलांनी मोजायची असते. जी गाडी जी बाई चालवते, ती तिच्या नावावर असली पाहिजे आणि तिच्या पाकिटात लायसन्स असलं पाहिजे. यात मानापमान नाही, नवऱ्यावर अविश्वासही नाही. आमच्या यांनीही आधी विचारलंच, ‘घर एकच ना आपलं?’ मी म्हटलं, ‘घर एकच आहे, पण पडणारी मी एकटी आहे.’ मग गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी फॉर्मवर सही केली.

नाव म्हणजे जबाबदारीसुद्धा, तेही सांगते. तुमच्या नावावरची गाडी लायसन्स नसलेल्या भाच्यानं नेली आणि कुणाला उडवलं, तर नोटीस तुम्हाला येणार. तेव्हा किल्ली खुंटीला टांगून ठेवू नका.

आमचा यंदाचा हिशेब असा झाला. स्कूटी माझ्या नावावर करायला घेतली. पेणच्या आरटीओचं काम म्हणजे एक दिवस मोडतो, पण एकदाच. तिची पॉलिसीही माझ्या नावावर करून घ्यायची, ते विसरायचं नाही. तिला सर्वंकष विमा आणि माझा स्वतःचा मालक-चालक अपघात विमा. यांच्या नावावरच्या दोन गाड्यांना मिळून यांचा एकच अपघात विमा, कारण दुसऱ्यांदा पैसे भरायची गरज नाही. कुणी दोनदा लावलाच, तर कागद दाखवून काढायला लावा. जुन्या मोटारसायकलचाही यंदा सर्वंकष घेतला. तिची किंमत कमी म्हणून हप्ताही फार वाढला नाही. मुलाच्या गाडीचं कर्ज फिटलं की ती त्याच्या नावावर करायची, तोवर त्याचा वेगळा अपघात विमा. तारखा एका वहीत लिहून ठेवल्या, कारण पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर क्लेम न केल्याचा बोनस बुडतो. हा बोनस पहिल्या वर्षी २० टक्के आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, नुकसानीच्या हप्त्यावर. खरी बचत तिथे आहे.

मिळून गेल्या वर्षीपेक्षा जास्त गेले. यंदा दिवाळीला पैठणीच्या काठाची साडी नाही, साधी आली. चालेल.

आणि जिला यातलं काहीच जमणार नाही, तिनं निदान बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरावा. वय १८ ते ७० आणि बँकेत खातं, एवढंच लागतं. २०२२ च्या जूनपासून वर्षाला २० रुपये हप्ता आहे. अपघाती मृत्यूला २ लाख, एक डोळा, हात किंवा पाय गेला तर १ लाख. त्यात गाडी कुणाच्या नावावर आहे हे कुणी विचारत नाही. आमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत मी सगळ्यांचे फॉर्म घेऊनच जाणार आहे.

मावसबहीण आता एका डोळ्यानं शिवते. सुईत दोरा ओवायला धाकटी मुलगी लागते. परवा मी तिला स्कूटीचे कागद दाखवले. तिनं ते डोळ्याजवळ धरून माझं नाव वाचलं आणि म्हणाली, ‘ताई, बरं केलंस.’

आज संध्याकाळी स्वयंपाक झाला की तुम्हीही गाडीच्या डिकीतली ती प्लॅस्टिकची पिशवी काढा. आरसी बुक उघडा आणि नाव कुणाचं आहे ते वाचा.